एरिसचा साक्षीदार

आकाशातील गोलांचे वजन ज्योतिर्विद कसे करतात, हा प्रश्न शाळकरी मुले जितक्या सहजपणे विचारतात तितक्या सहजपणे प्रौढ माणसे विचारीत नाहीत. गुरू पृथ्वीच्या तीनशे अठरा पट जड आहे, असे पुस्तकात छापलेले वाचले की ते मुकाट्याने मान्य करून पुढच्या ओळीकडे वळण्याची आपल्याला सवय जडलेली असते. वस्तुतः त्या छापील आकड्यामागे कोणी तरी, केव्हा तरी, कसली तरी मोजणी केलेली असते, आणि ती मोजणी बहुधा गुरूची नसून त्याच्याभोवती फिरणाऱ्या उपग्रहांची असते. ज्या गोलाचे वजन हवे त्याच्याकडे कितीही काळ टक लावून पाहिले तरी तो आपले वजन सांगत नाही. त्याच्याभोवती घिरट्या घालणारी एखादी क्षुद्र वस्तू मात्र, ती किती अंतरावरून आणि किती वेळात फेरी पुरी करते एवढी दोनच मापे आपल्या हाती आली, की धन्याचे सारे गुपित उघड करते. केप्लरने ग्रहांच्या गतीचा नियम शोधला, न्यूटनने त्यातील कारण शोधले, आणि गुरू व शनी यांच्या वजनाचा हिशेब न्यूटनने आपल्या ग्रंथातच त्यांच्या उपग्रहांवरून मांडून दाखविला.

या युक्तीचे मोल किती, हे मंगळाच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मंगळास उपग्रह नाहीत अशीच समजूत असल्यामुळे त्याचे वजन ठरविण्याचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे मंगळाच्या ओढीने इतर ग्रहांच्या मार्गांत जे लेशमात्र फेर पडतात ते शोधून काढण्याचा. आणि ल व्हेरिये यांच्यासारख्या गणितज्ञाला त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींची दफ्तरे पालथी घालावी लागली होती. १८७७ च्या ऑगस्ट महिन्यात वॉशिंग्टन येथील नौदलाच्या वेधशाळेत आसफ हॉल यांना मंगळाचे दोन इवलेसे उपग्रह दिसले, आणि मग अवघ्या काही रात्रींच्या वेधांवरून त्या ग्रहाचे वजन पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक भरवशाने मांडता आले. शुक्र आणि बुध यांना उपग्रह नाहीत. त्यांच्या वजनाचा आकडा पक्का होण्यासाठी मनुष्यनिर्मित याने त्यांच्याजवळून जाईपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे लागले.

प्लूटोची कथा तर याहून बोधप्रद आहे. १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉ यांना तो सापडला तेव्हा त्याचे वजन पृथ्वीएवढे तरी असावे असा तज्ज्ञांचा अदमास होता; पुढे दशकामागून दशक हा अदमास खाली खाली येत गेला, तरी खरी किंमत कोणाच्याच हाती लागेना. १९७८ च्या जूनमध्ये जेम्स क्रिस्टी यांना प्लूटोच्या छायाचित्रांत त्याच्या बिंबाला एका बाजूस फुगवटा आल्यासारखे दिसले, तो फुगवटा सहा दिवस व सुमारे नऊ तासांनी पुन्हा त्याच जागी येतो असे आढळले, आणि तो फुगवटा नसून प्लूटोचा उपग्रह आहे, हे उघड झाले. शॅरन हे त्याचे नाव. त्याच्या साक्षीने प्लूटोचे वजन पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास आले, आणि ज्याला अठ्ठेचाळीस वर्षे आपण बडा सरदार समजत होतो तो साधा शिलेदार निघाला.

हे इतके पाल्हाळ लावण्याचे कारण असे की प्रस्तुत लेखाचा नायक याच जातीचा एक साक्षीदार आहे. डिस्नोमिया हा एरिस नावाच्या बटुग्रहाचा एकुलता ज्ञात उपग्रह होय. एरिस सध्या सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे पंचाण्णव पट दूर, म्हणजे चौदाशे कोटी किलोमीटरांच्याही पलीकडे आहे. तेथे पोहोचण्यास सूर्यकिरणाला तेरा तासांहून अधिक वेळ लागतो. त्याचे एक वर्ष आपल्या साधारण साडेपाचशे वर्षांहून थोडे मोठे भरते. त्याची कक्षा इतर ग्रहांच्या पातळीशी चव्वेचाळीस अंशांचा कोन करून इतकी तिरपी गेलेली आहे की, ग्रह शोधणाऱ्यांनी ज्या आकाशपट्ट्यात शोध घेण्याची परंपरा होती त्या पट्ट्याच्या बाहेरच तो बहुतेक काळ काढतो.

एरिसचा शोध लागला तो कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर, सॅम्युअल ऑस्चिन यांचे नाव दिलेल्या अठ्ठेचाळीस इंची दुर्बिणीने. माइक ब्राउन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ या तिघांनी २१ ऑक्टोबर २००३ रोजी घेतलेल्या छायाचित्रांत तो उमटलेला होता; पण छायाचित्रे तपासणाऱ्या संगणकाला असा हुकूम दिलेला होता की, अमुक एका वेगाहून जे बिंदू मंद सरकतात त्यांची दखल घेऊ नये, कारण असे बहुतेक बिंदू खोटे निघतात. एरिस इतका दूर आणि म्हणून इतका मंद, की या हुकमाच्या कचाट्यात सापडून तो वर्षाहून अधिक काळ दफ्तरातच पडून राहिला. दरम्यान सेडना नावाची आणखी एक मंदगामी वस्तू सापडल्यामुळे या मंडळींना आपल्या नियमाचा फेरविचार करावासा वाटला, जुनी छायाचित्रे पुन्हा तपासण्यात आली, आणि ५ जानेवारी २००५ रोजी एरिस प्रकट झाला. कारकुनी शिस्तीमुळे मोठमोठी प्रकरणे कशी दडपली जातात याचा प्रत्यय आपल्याला कचेऱ्यांत नेहमी येतो. विज्ञानालाही तो चुकलेला नाही, आणि त्यावरचा इलाजही एकच, जुनी कागदपत्रे पुन्हा उघडणे.

आता इतक्या दूरच्या गोलाजवळ एखादा उपग्रह असलाच, तर तो दिसावा कसा? एरिस आणि डिस्नोमिया यांच्यामध्ये आपल्या दृष्टीला जास्तीत जास्त जे अंतर दिसते ते एका अंशाच्या साडेसहा हजाराव्या भागाहून फारसे अधिक नाही, आणि पृथ्वीच्या वातावरणात हवेचे थर सतत हेलकावत असल्यामुळे ताऱ्यांचा प्रकाश याहून अधिक पसरट होतो. तारे लुकलुकतात म्हणून कवींना जो आनंद होतो तो ज्योतिर्विदांच्या वाट्याला येत नाही. या अडचणीवर हवाई बेटांतील मौना केआ या मृत वाटणाऱ्या ज्वालामुखीच्या शिखरावर, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवर बसविलेल्या केक दुर्बिणीने एक अजब तोड काढली आहे. दुर्बिणीजवळून लेझरचा पिवळा झोत आकाशात सोडतात. सुमारे नव्वद किलोमीटर उंचीवर वातावरणात सोडियमच्या अणूंचा एक विरळ थर आहे, तो या झोताने चमकू लागतो आणि तेथे जणू एक कृत्रिम तारा निर्माण होतो. हा तारा कसा दिसावयास हवा हे ठाऊक असल्यामुळे, तो प्रत्यक्षात किती वेडावाकडा दिसतो यावरून हवेने केलेला बिघाड क्षणोक्षणी मोजता येतो, आणि दुर्बिणीतील एक लवचीक आरसा सेकंदाला शेकडो वेळा आपला आकार बदलून तो बिघाड दुरुस्त करीत राहतो. या साधनाने १० सप्टेंबर २००५ रोजी एरिसकडे पाहिले असता, त्याच्या शेजारी अवरक्त प्रकाशात त्याच्या सुमारे एक साठांश तेजाचा एक ठिपका दिसला.

नामकरणाचा सोहळा पुढच्या वर्षी झाला. तोवर शोधकर्त्यांच्या आपसांतील बोलण्यात एरिसला झीना आणि त्याच्या सोबत्याला गॅब्रिएल म्हणत, ही नावे एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेतील नायिका व तिची सखी यांची. पुढे ग्रीक पुराणातील कलहाची देवता एरिस आणि तिची कन्या डिस्नोमिया यांची नावे अधिकृतपणे मुक्रर झाली. कलहदेवतेचे नाव यथायोग्यच होते, कारण एरिसमुळे प्लूटोचे ग्रहपद धोक्यात आले होते. एरिस प्लूटोहून मोठा असेल तर त्यालाही ग्रह म्हणावे लागणार, आणि मग उद्या सापडणाऱ्या आणखी दहा-वीस गोलांनाही ती सनद नाकारता येणार नाही, या पेचातून सुटका करून घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे मतदान घेऊन ग्रहाची व्याख्या ठरविली आणि प्लूटो, एरिस व सिरीस यांची रवानगी बटुग्रहांच्या नव्या वर्गात केली. त्या वेळी आपल्या वृत्तपत्रांतूनही बराच हळहळीचा सूर उमटला होता. आपल्या पंचांगकर्त्यांच्या परंपरागत नवग्रहांत सूर्य, चंद्र आणि राहू-केतू बसतात, प्लूटोला तेथे जागाच नव्हती, त्यामुळे त्यांना काही खाडाखोड करावी लागली नाही. पाठ्यपुस्तके छापणाऱ्यांना मात्र ती करावी लागली.

एरिसचे नेमके वजन प्रागचा हा निकाल लागल्यानंतर कळले, ही यातली गंमत. ब्राउन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सहकारी एमिली शॅलर यांनी हबल दुर्बिणीने आणि केकने डिस्नोमियाचे वेध घेऊन त्याची कक्षा आखली व २००७ च्या जूनमध्ये ती प्रसिद्ध केली. हा हिशेब कोणासही घरी बसून पडताळून पाहता येण्याजोगा आहे. डिस्नोमिया एरिसपासून सुमारे सदतीस हजार किलोमीटरांवरून फिरतो आणि त्याला एका फेरीस पंधरा दिवस व अठरा-एकोणीस तास लागतात. आपला चंद्र पृथ्वीपासून याच्या दहापट अंतरावर आहे आणि त्याची फेरी सव्वासत्तावीस दिवसांची आहे. तोच चंद्र जर पृथ्वीपासून सदतीस हजार किलोमीटरांवर आणून सोडला, तर केप्लरच्या नियमाप्रमाणे त्याला सुमारे वीस तासांत फेरी संपवावी लागेल. जे काम पृथ्वीच्या ओढीखाली वीस तासांत व्हावयाचे ते एरिसच्या ओढीखाली पावणेसोळा दिवस चालते, म्हणजे एकोणीस पट रेंगाळते. ओढ ही या मंदपणाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, आणि एकोणिसाचा वर्ग होतो तीनशे एकसष्ट. तेव्हा एरिस हा पृथ्वीच्या साधारण तीनशे साठाव्या हिश्श्याइतका जड ठरला, म्हणजे प्लूटोहून सुमारे सत्तावीस टक्के अधिक.

वजन हाती आले तरी आकार हाती येईपर्यंत गोल कशाचा बनला आहे हे सांगता येत नाही. हे दुसरे माप ६ नोव्हेंबर २०१० रोजी मिळाले. त्या रात्री एरिस एका मंद ताऱ्यासमोरून सरकला आणि त्याची सावली पृथ्वीवर दक्षिण अमेरिकेतून गेली; चिली देशात दोन ठिकाणी हे पिधान टिपता आले, आणि तारा किती काळ झाकलेला राहिला यावरून एरिसचा व्यास सुमारे २,३२६ किलोमीटर ठरला. पुढे २०१५ च्या जुलैमध्ये न्यू होरायझन्स हे यान प्लूटोजवळून गेले तेव्हा प्लूटोचा व्यास सुमारे २,३७७ किलोमीटर भरला. म्हणजे ज्याच्या थोरपणाच्या धाकाने प्लूटोला पदच्युत केले तो एरिस आकाराने प्लूटोहून किंचित लहानच निघाला, वजनाने मात्र भारी! प्राग येथील निर्णयात आकाराचा प्रश्न निर्णायक नव्हता, आपल्या कक्षेचा परिसर ज्याने मोकळा केला नाही तो ग्रह नव्हे, हा तेथील मुद्दा होता; तरीही त्या सभेतील वातावरण या मोजणीनंतर कदाचित थोडे निराळे राहिले असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. लहान आकारात अधिक वजन याचा अर्थ दाटपणा अधिक. एरिसची घनता पाण्याच्या सुमारे अडीच पट आहे, आणि बर्फाच्या गोलास इतकी घनता येणे शक्य नसल्यामुळे त्याच्या पोटात बहुतांशी खडकच असला पाहिजे.

येथवर साक्षीदाराने धन्याविषयी पुष्कळ सांगितले. स्वतःविषयी मात्र त्याने सर्वांची चांगलीच दिशाभूल केली.

दृश्य प्रकाशात डिस्नोमिया एरिसच्या पाचशेव्या हिश्श्याइतकाच उजळ दिसतो. दोघांचे पृष्ठभाग सारखेच शुभ्र आहेत असे धरून चालल्यास त्याचा व्यास एरिसच्या बाविसाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे फार तर शंभर किलोमीटरांच्या घरात यावा. आणि बरीच वर्षे त्याची गणना क्षुल्लक उपग्रहांत होत असे. पण या साऱ्या गणिताचा पाया ‘सारखेच शुभ्र’ या दोन शब्दांवर उभा होता. घासून लखलखीत केलेली वाटी आणि काजळी धरलेला मोठा तवा दूर अंधारात ठेवून दोन्हींवर एकच मंद दिवा धरला तर वाटीच आधी नजरेत भरते, आणि तव्याचा जो काही अंधुक अंश दिसेल त्यावरून त्याचा आकार ठरविणारा मनुष्य फसल्याशिवाय राहत नाही. यातून बाहेर पडावयाचे तर वस्तूवरून परतणारा प्रकाश सोडून देऊन वस्तू स्वतः जी उष्णता बाहेर टाकते ती मोजली पाहिजे. शून्याखाली दोनशे अंशांहून अधिक थंड असलेल्या वस्तूची उष्णता ती काय, आणि ती मोजावयाची कशी, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तीही मिलिमीटर लांबीच्या लहरींच्या रूपाने बाहेर पडतच असते, आणि चिलीच्या आटाकामा वाळवंटात पाच हजार मीटर उंचीवर उभारलेला आल्मा हा सहासष्ट ॲंटेनांचा ताफा ती पकडू शकतो. ब्राउन आणि ब्रायन बटलर यांनी या ताफ्याच्या साहाय्याने केलेली मोजणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. डिस्नोमियाचा व्यास सुमारे सातशे किलोमीटर निघाला. पुढच्या अधिक बारकाईच्या मोजणीत तो सहाशे पंधरा किलोमीटरांच्या आसपास स्थिर झाला. एरिस आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा शेकडा शहाण्णव भाग परत फेकतो, ताज्या हिमाहूनही शुभ्र. आणि त्याचा हा सोबती शेकडा चार-पाच भाग तेवढा परत करतो, म्हणजे जवळजवळ कोळशासारखा काळा.

एरिसच्या शुभ्रपणाचे कारण मिथेन होय. त्या थंडीत मिथेन वायू गोठून पृष्ठभागावर त्याचे दहिवर बसते, आणि दहिवराची ही पांढरी चादर अधूनमधून नव्याने घातली जात असावी. डिस्नोमियाचे गुरुत्वाकर्षण इतके क्षीण आहे की त्याला मिथेन धरून ठेवणे जमत नाही. त्यामुळे युगानुयुगे प्रारणांचा मारा सोसून काळवंडलेली त्याची कातडी तशीच उघडी राहिली आहे.

डिस्नोमियाच्या मोठेपणाचा एक परिणाम थेट एरिसवर झालेला आहे. एरिस स्वतःभोवती किती वेळात फिरतो याविषयी पूर्वी एका दिवसाच्या आसपासचे अंदाज होते. पण त्याच्या शुभ्र बिंबावर डाग जवळजवळ नसल्यामुळे तेजात पडणारा फरक अत्यल्प, आणि तो पकडण्यासाठी अनेक वर्षांची निरीक्षणे एकत्र करावी लागली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून निष्पन्न झाले की एरिसचा एक दिवस पावणेसोळा दिवसांचा आहे, अगदी डिस्नोमियाच्या एका फेरीइतका. आपला चंद्र पृथ्वीला नेहमी एकच मुख दाखवितो, पण पृथ्वी मात्र आपल्या मर्जीप्रमाणे चोवीस तासांत फिरते. एरिसच्या बाबतीत धनीच चाकराकडे तोंड करून खिळून गेला आहे. एरिसच्या एका गोलार्धावरून पाहणाऱ्याला डिस्नोमिया आकाशात कायम एकाच जागी, आपल्या चंद्राच्या जवळजवळ दुप्पट आकाराचा दिसेल, तर दुसऱ्या गोलार्धावर जन्म काढणाऱ्याला तो अस्तित्वात आहे याचा पत्ताही लागणार नाही.

या खिळून जाण्यातून तज्ज्ञांनी एरिसच्या अंतरंगाचा शोध घेतला आहे. उपग्रहाच्या ओढीने गोलावर भरती येते, गोल फिरत असता त्या भरतीचा उंचवटा पुढे सरकू पाहतो आणि उपग्रह त्याला मागे खेचतो, या ओढाताणीत आतील द्रव्य घासले जाऊन गोलाची फिरकी मंदावत जाते. गोल जर आतून कठीण, थिजलेला असेल तर तो फारसा दबत नाही आणि ही वेसण त्याला नीट लागू पडत नाही. डिस्नोमियासारख्या हलक्या उपग्रहाने सूर्यमालेच्या साडेचारशे कोटी वर्षांच्या आयुष्यात एरिसला पूर्ण आवर घातला, याचा अर्थ फ्रान्सिस निम्मो आणि ब्राउन यांनी असा लावला की एरिसच्या पोटात खडक खाली बसून गाभा बनला आहे, त्यावरचा बर्फाचा थर तळाशी इतका ऊबदार व मऊ आहे की तो अतिमंद गतीने खालवर होत राहतो, आणि त्या मऊपणामुळेच भरतीची वेसण परिणामकारक ठरली. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून याला वेगळ्या दिशेने दुजोरा मिळाला: एरिसवरील मिथेनमधील जड व हलक्या हायड्रोजनचे प्रमाण पाहता तो मिथेन सूर्यमालेच्या जन्मकाळापासून तसाच चालत आलेला नसून एरिसच्या खडकाळ गाभ्यातील उष्णतेत तयार झालेला दिसतो.

डिस्नोमियाचे स्वतःचे वजन काढण्याचे काम अद्याप अर्धेच झालेले आहे. त्याच्याभोवती कोणी फिरत नाही, म्हणून उरतो तो एकच उपाय: एरिससुद्धा थोडासा हेलकावत असला पाहिजे, कारण दोघेही त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात, आणि चाकर जितका जड तितका हा हेलकावा मोठा. ब्राउन व बटलर यांनी आल्माने हा हेलकावा शोधून पाहिला. ऑर्कस नावाच्या दुसऱ्या एका दूरस्थ गोलाच्या बाबतीत तो त्यांना स्पष्ट मिळाला. एरिसचा हेलकावा मात्र इतका लहान की त्यावरून फक्त कमाल मर्यादा घालता आली, डिस्नोमियाचे वजन एरिसच्या एक टक्क्याहून कमीच असावे. सहाशे किलोमीटरांच्या गोलाला हे वजन हलकेच म्हणावयाचे, आणि त्यावरून त्याची घनता पाण्याच्या घनतेपलीकडे फारशी जात नसावी. म्हणजे खडकाळ एरिसच्या सोबतीला प्रामुख्याने बर्फाचाच उपग्रह. अतिप्राचीन काळी एरिसवर एखादा मोठा गोल आदळून त्याची बर्फाळ साल उडाली आणि तिच्यातून हा उपग्रह जमला असेल, तर या विसंगतीचा उलगडा होतो. दोघेही स्वतंत्रपणे जन्मून एकमेकांच्या कह्यात आले असतील तर तो इतक्या सरळपणे होत नाही. हेलकाव्याची मोजणी आणखी दोन-चार पटींनी सूक्ष्म झाली की हा वाद पुढे सरकेल, आणि त्यासाठी एरिसकडे यान धाडण्याची गरज नाही, आटाकामातील तोच ताफा त्याच्या ॲंटेना अधिक दूरवर पसरून आणि अधिक रात्री खर्चून ते काम करू शकेल.